स्कूक्लोस्टर प्रासाद

स्वीडनमधील बरोक शैलीचा सतराव्या शतकातील प्रासाद. स्टॉकहोम आणि उप्साला या शहरांच्या दरम्यान, मेलारेन सरोवरात शिरलेल्या भूशिरावर तो उभा आहे. नावातील ‘क्लोस्टर’ म्हणजे मठ. मध्ययुगात येथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींचा मठ होता. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठाची जमीन राजसत्तेकडे गेली आणि १६११ मध्ये राजा नववा कार्ल याने ती हेर्मान व्रांगेल या सेनानीला दिली.

हेर्मानचा मुलगा कार्ल गुस्ताव व्रांगेल (१६१३–७६) युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८), १६४६ मध्ये, जर्मनीतील स्वीडिश फौजेचा सरसेनापती झाला. युद्धाने त्याला अफाट संपत्ती मिळवून दिली. १६५४ मध्ये त्याने प्रासादाचे काम सुरू केले. कास्पार फोगेल, ज्यां द ला वाले आणि थोरला निकोडेमुस टेसीन या वास्तुकारांचा त्यात हात होता. मांडणी चौसोपी आहे : मध्ये चौक, चारही बाजूंना इमारत आणि कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज.

१६७६ मध्ये व्रांगेल वारला आणि कारागीर काम टाकून निघून गेले. मेजवान्यांसाठी योजलेले मोठे दालन अपुरेच राहिले. त्याच्या विटांच्या भिंती व तुळया आजही उघड्या आहेत आणि कारागिरांची हत्यारेही जपलेली आहेत. पूर्ण झालेल्या राजदालनात नक्षीदार गिलाव्याखाली जे कायमचे झाकले गेले, ते येथे डोळ्यांनी पाहता येते. बांधकामाच्या अभ्यासकाला पूर्ण झालेल्या दालनांपेक्षा हे अपुरे दालनच अधिक शिकवते.

व्रांगेलची मुलगी मार्गारेटा युलियाना हिचा विवाह निल्स ब्राहे याच्याशी झाला होता, त्यामुळे प्रासाद ब्राहे घराण्याकडे गेला. १७०१ मध्ये त्याची अविभाज्य मालमत्ता (फिदेईकोमिस) करण्यात आली : वारस एकच, मालमत्तेची वाटणी नाही, विक्री नाही. एरवी अशा घराण्यांतील चित्रे, शस्त्रे व ग्रंथ दोन-तीन पिढ्यांत भावंडांत विखुरतात. येथे संग्रह एकसंध राहिला तो या बंधनामुळे. राजाची सत्ता वाढवण्यासाठी राणी लोविसा उल्रिकाने रचलेल्या व फसलेल्या कटात १७५६ मध्ये एरिक ब्राहेचा शिरच्छेद झाला, तरी प्रासाद घराण्यातच राहिला. १९३० मध्ये ब्राहे वंश खुंटला व प्रासाद फोन एसेन कुटुंबाकडे गेला. १९६७ मध्ये स्वीडिश सरकारने तो विकत घेतला. आता तेथे संग्रहालय आहे.

शस्त्रागार, ग्रंथालय आणि व्रांगेलची लेथकामाची (लाकूड वगैरे फिरवत कातण्याची) हत्यारे हे संग्रहाचे बलस्थान. सर्वांत प्रसिद्ध आहे ते इटालियन चित्रकार अर्चिम्बोल्दोचे ‘वर्तुम्नुस’ (रोमन ऋतुदेवतेचे नाव) : फळे, भाज्या आणि फुले यांतून साकारलेले पवित्र रोमन सम्राट दुसरा रुडोल्फ याचे व्यक्तिचित्र. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्राग लुटले, त्या लुटीतले ते मानले जाते.

प्रासादात आधुनिक तापनव्यवस्था नाही, आणि जतनाच्या दृष्टीने ते हिताचेच ठरले. बाहेर कडाका असताना खोली तापवली, की आतली हवा कोरडी पडते. लाकूड आकसते, चित्रफलक चिरतात, रंगाचे पोपडे सुटतात. थंड खोलीत हे टळते, पण दमट ऋतूत बुरशीचा धोका असतो. त्यामुळे आर्द्रतेवर सतत लक्ष ठेवावे लागते, आणि कापडी भिंतपट विटू नयेत म्हणून उजेडही मोजूनच आत घ्यावा लागतो.