इम्याचे आले का पाण्याचे?

दिवाळीच्या आगेमागे गावात कोणाच्याही मोबाईलवर बँकेचा मेसेज वाजला की पहिला प्रश्न हाच असतो. शेजारच्या काकांच्या खात्यात 6,800 रुपये पडले आणि त्यांनी ते पीक विम्याचे धरले. मी सातबारा मागितला. सोयाबीन दोन एकर, म्हणजे 0.80 हेक्टर. 6,800 ला 0.80 ने भागलं की बरोबर 8,500. केंद्राच्या 2025-26 पर्यंतच्या निकषांत कोरडवाहू पिकाच्या मदतीचा हेक्टरी दर हाच. म्हणजे पैसे पाण्याचे. विम्याचा आकडा इतका सरळ क्वचितच बसतो.

पाण्याचे पैसे म्हणजे सरकारी मदत. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पटवारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात, आणि नुकसान 33 टक्के किंवा जास्त असलं तर यादीत नाव. त्यासाठी आधी काही भरावं लागत नाही. पैसे येतात राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. मर्यादा दोन हेक्टरची, पण राज्य कधी कधी ती तीनवर नेतं, जसं 2025 च्या ऑक्टोबरमधल्या पॅकेजात नेली. यात पीक केवढ्याचं गेलं हा हिशेबच नसतो. डीएपी खताची एक चुंगडी (पोतं) 2025 ला 1,350 ला होती. त्यात बियाणं, डवरणी, फवारा, निंदण मिळवा आणि हेक्टरी 8,500 कुठवर पुरतात ते पाहा.

विमा हा मात्र सौदा आहे, आणि लोक फसतात ते इथेच. हप्ता भरला असेल तरच पैसे. खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्के शेतकऱ्याचे, उरलेले केंद्र आणि राज्य कंपनीला देतात. 2023 च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा वाटाही उचलला आणि एक रुपयात विमा आला. बोगस अर्जांचा पूर आला, आणि 2025 ला ती सोय गेली. त्याच वर्षी ‘72 तासांत कळवा’वाली वैयक्तिक नुकसानीची भरपाईही राज्याने काढली. उरली मंडळाच्या सरासरी उत्पादनावरची भरपाई, आणि ते उत्पादन मुख्यतः पीक कापणी प्रयोगात, म्हणजे काही निवडक वावरांतलं पीक कापून मोजून, ठरतं.

समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे विम्यासाठी ठरलेली उत्पादनाची किमान पातळी, हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि प्रयोगात 6 भरलं. तूट 40 टक्के, तर विमा रकमेच्या 40 टक्के मिळणार, आणि मंडळातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना याच हिशेबाने. पण तुमचं नाल्याकाठचं वावर खरडून गेलं आणि मंडळाची सरासरी 10 च्या वर राहिली, तर तुम्हाला शून्य. अशा वेळी पंचनाम्याचे पैसे मिळू शकतात, विम्याचे नाहीत. एकाच वर्षी दोन्हीही मिळू शकतात, एकामुळे दुसरं कापलं जात नाही.

म्हणून पाण्याचे अडले तर पटवाऱ्याकडे जाऊन यादीत आपल्या नावासमोरचा ‘विशिष्ट क्रमांक’ घ्यायचा आणि केवायसी बाकी असेल तर सेवा केंद्रात करायची. विम्याचे अडले तर पटवाऱ्याशी भांडून उपयोग नाही, तालुका कृषी कार्यालय गाठायचं. माझ्या ओळखीच्या एका कास्तकाराने चुकीच्या दारात दोन महिने चकरा मारल्या.

सरकारच्या खर्चातही फरक आहे. विम्याचा हप्ता पाऊस चांगला झाला तरी जातोच, मदत मात्र आपत्ती आली तरच निघते. पण दोन्ही पैसे सातबारा पाहून चालतात. मक्त्याने (भाड्याने) वावर करणाऱ्याला विमा काढता येतो, त्याला नोंदणीकृत करार लागतो, आणि असा करार करून देणारा मालक मी अजून पाहिला नाही. मदत तर मालकाच्याच खात्यात. कापसाच्या पऱ्हाटीची बोंडं सडली की किलोमागे वेचाई घेणाऱ्या बाईचा हंगाम बुडतो. तिचं नाव पंचनाम्यात नसतं आणि विम्याच्या अर्जातही नसतं. मेसेज वाजला की ती विचारतही नाही, कायचे आले म्हणून.