अबू धाबीची शेख झायेद मशीद: पर्यटकांसाठी प्रवेश, नोंदणी आणि कागदपत्रे

संयुक्त अरब अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांच्या नावाची अबू धाबीतली भव्य मशीद 2007 साली खुली झाली. ती कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या माणसाला पाहता येते आणि प्रवेश मोफत आहे. त्यामुळे "तिकीट काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी पैसे नेमके कशाचे ते विचारा. गाडीचे असतील तर ठीक, प्रवेशाचे देऊ नका.

मोफत असला तरी प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते. मशिदीच्या अधिकृत संकेतस्थळावर तारीख आणि वेळ निवडून माहिती भरली की क्यूआर कोड असलेला पास मिळतो. तो मोबाइलमध्ये जतन करून ठेवा. सोबत मूळ पासपोर्ट ठेवा. तिथे राहणाऱ्यांना एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र चालतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. रमजानमध्ये वेळा बदलतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी त्या तपासा.

लोक अडतात ते बहुतेक कपड्यांवर. बायकांनी मनगटापर्यंत बाह्या असलेला, घोट्यापर्यंत येणारा, सैल आणि आरपार न दिसणारा पोशाख घालावा. डोक्यावर ओढणी हवीच. साधा सुती सलवार-कुडता उत्तम, लेगिंग्ज नकोत. पुरुषांना हाफ पँट किंवा बिनबाह्यांचा शर्ट चालत नाही. ही अट जाचक वाटण्याचं कारण नाही. इथे रोज नमाज होते, आपण कुणाच्या तरी प्रार्थनेच्या जागी पाहुणे म्हणून जातो.

प्रवेश भूमिगत अभ्यागत केंद्रातून. तिथे पास दाखवून, सुरक्षा तपासणी करून पुढे लांब बोगद्यातून चालत मशिदीपाशी पोहोचता येतं.

आत मुख्य सभागृहात इराणी कारागिरांनी हाताने विणलेला 5,627 चौरस मीटरचा गालिचा आहे. मक्केतल्या काबाच्या दिशेच्या भिंतीवर अल्लाहची 99 नावं कोरलेली आहेत. घाई न करता ती बघा. माझ्या मते दुपार कलल्यानंतरची वेळ घ्यावी. 82 घुमटांचा पांढरा संगमरवर उन्हातही दिसतो आणि दिवे लागल्यावरही. रात्रीच्या रोषणाईचा रंग चंद्राच्या कलेप्रमाणे बदलतो, पौर्णिमेला पांढरा आणि अमावास्येकडे गडद निळा.

स्वतःसाठी फोटो काढायला हरकत नाही, पण मिठी मारून किंवा अंगविक्षेप करून पोझ देऊ नका. बाजूलाच शेख झायेद यांची कबर आहे, तिचे फोटो काढायला मनाई आहे.