केवल नरसिंह: रामटेकच्या वाटेवरचं वाकाटकांचं देऊळ

नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या रामटेकला बहुतेक भाविक गाडीने जवळपास गडावरच पोचतात, रामाचं दर्शन घेतात आणि माकडांपासून प्रसाद सांभाळत परत फिरतात. ‘गडमंदिर भोसल्यांचं’ एवढा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. पण अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी जीर्णोद्धार केला, तेव्हाच हे क्षेत्र तेराशे वर्षांचं जुनं होतं. त्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे टेकडीवरचं केवल नरसिंहाचं छोटं देऊळ.

रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन आहे. तेच वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन अकाली गेल्यावर मुलं लहान होती, म्हणून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिनेच राज्य सांभाळलं. माहेरची विष्णुभक्ती तिने इथे रुजवली. रिद्धपूरला सापडलेल्या तिच्या ताम्रपटाची सुरुवात ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’ अशी आहे. म्हणजे ते दान रामगिरीच्या, याच टेकडीच्या, स्वामीच्या पायाशी बसून दिलेलं. राजधानी हाकेच्या अंतरावर असताना राणीने टेकडीचं नाव घातलं, यातच या जागेचा मान कळतो.

देऊळ लाल वालुकाश्माचं, बांधणी साधी: चौरस गाभारा, पुढे मंडप, ठेंगणे जाड खांब. मूर्ती भव्य आहे. एक गुडघा उभा करून नरसिंह निवांत बसलाय, हाताशी चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, शेजारी लक्ष्मी नाही, म्हणून ‘केवल’. जवळच रुद्र नरसिंहाचं देऊळ आहे. तिथली मूर्तीही याच बैठकीची.

मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थराखाली तो शतकानुशतकं झाकलेला होता. १९८०च्या दशकात थर निघाल्यावर अक्षरं दिसली. प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी हे देवस्थान उभारलं आणि देवाला ‘प्रभावतीस्वामी’ म्हटलं, असा त्याचा आशय लावला जातो. सलग वाचन मात्र होत नाही. वालुकाश्मात ओल मुरली की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरंही जातात.

पुढे चढताना वराह लागतो. एकाच दगडातला हा प्रचंड डुक्कररूपी विष्णूही वाकाटकांच्याच काळातला. त्याच्या पोटाखालून सरपटत जाण्याची प्रथा आजही आहे; पापी माणूस अडकतो म्हणतात. गडावर लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा लेख आहे. त्यात इथल्या तीर्थांची महती आहे. टेकडीला सिंदूरगिरीही म्हणतात. नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडलं त्या रक्ताने दगड लाल झाला, अशी स्थानिक कथा आहे. ताजा फुटलेला दगड पाहिला की ती कुठून आली ते समजतं.

पायी जायचं असेल तर अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढावं. लेख पाहताना टॉर्च भिंतीला समांतर, तिरपी धरावी, म्हणजे उथळ अक्षरांच्या कडांची सावली पडते. समोरून उजेड टाकला तर भिंत नुसती सपाट दिसते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासू नये, पाणी मारू नये. तेल-शेंदूर मूर्तीपुरता ठेवावा. भिंतीला लागलेलं तेल दगडात मुरतं, ते पुन्हा काढता येत नाही.