मार्चमधला बर्फ आणि लॉवेलच्या गिरण्या: पार्श्वभूमी

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलला मार्चमध्ये ताजा बर्फ पडला की सकाळी सकाळी बूट कॉटन मिल्स या जुन्या कापड गिरणीच्या अंगणात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. जानेवारीतला बर्फ पिठासारखा कोरडा, वारा आला की उडून जाणारा. मार्चमधला तापमान शून्याच्या आसपास असताना पडतो, त्यात पाणी जास्त असतं आणि म्हणून तो जिथे पडेल तिथे चिकटतो. विटांच्या भिंतीतून जेमतेम दोन बोटं पुढे आलेली खिडकीखालची दगडी पट्टी, कालव्याचा लोखंडी कठडा, घड्याळाच्या मनोऱ्याची प्रत्येक कड, सगळीकडे पांढरी रेघ उमटते. कालव्याचं पाणी मात्र वाहतं असल्याने काळंच राहतं. ऊन एव्हाना वर चढलेलं असतं, त्यामुळे दुपारपर्यंत निम्मा बर्फ छपरांवरून धपाधप खाली येतो. बघायचं तर सकाळीच. फावड्याने उचलायचा असेल तर हाच बर्फ जानेवारीतल्यापेक्षा कितीतरी जड लागतो, हेही ओघाने आलंच.

असं मुद्दाम बर्फ बघायला बाहेर पडणं या शहरात फार जुनं नाही. गिरण्या पाण्यावर चालत होत्या तोवर इथला बर्फ हिशेबात धरला जात होता. तोही शहरातला कमी आणि शंभर-दीडशे किलोमीटर उत्तरेच्या डोंगरांमधला जास्त.

पॉटकेट धबधब्यापाशी मेरिमॅक नदी सुमारे ३२ फूट खाली उतरते. धबधबा टाळून लाकूड खाली नेता यावं म्हणून १७९६ मध्ये तिथे कालवा झाला. पुढे १८२०च्या दशकात बॉस्टनच्या भांडवलदारांनी तोच कालवा विकत घेतला आणि त्याच्या भोवती शहर उभं केलं. १८२३ मध्ये पहिलं कापड निघालं, १८३६ मध्ये नगराचं शहर झालं. पाणी गिरण्यांना मोजून भाड्याने दिलं जाई. ३० फुटांची उतरण असताना सेकंदाला २५ घनफूट पाणी म्हणजे एक ‘मिल पॉवर’. त्यावर ३,५८४ चात्या आणि त्यांना लागणारी बाकीची यंत्रं चालतात, असा त्यामागचा हिशेब. आपल्या मुंबईच्या गिरण्या पहिल्यापासून कोळशाच्या वाफेवर चालल्या, त्यामुळे आकाशाकडे बघत गिरणी चालवणं म्हणजे काय हे गिरणगावाला कधी कळलं नाही. लॉवेलच्या कचेऱ्यांमध्ये ते रोजचं काम होतं. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये साठलेला बर्फ वसंतात वितळून नदीत यायचा. कमी पडला तर उन्हाळ्यात चाकं मंदावणार. एकदम वितळला तर नदीची पातळी चढून गिरणीतून बाहेर पडणारं पाणी मागे तुंबणार आणि चाकं तरीही अडणार. कडाक्याच्या थंडीत पाण्यात बारीक बर्फकण तयार होऊन कालव्याच्या जाळ्यांना चिकटत. ते काढायला माणसं लावावी लागत.

कामगारांचं वर्षही याच हंगामाने कापलेलं होतं. १८५०च्या दशकातल्या छापील वेळापत्रकात वर्षाचे दोन भाग दिसतात आणि त्यातली एक सीमा २० मार्च ही आहे. त्या दिवसापासून काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन संध्याकाळी साडेसहाला सुटायचं, त्याआधीच्या थंडीच्या भागात सात ते सात. अंधाराच्या महिन्यांत मागांवर तेलाचे दिवे लागत. मार्चमध्ये ते विझवायची वेळ आली की नाचाचा कार्यक्रम करायची रीत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये होती. त्याआधीच्या दोन दशकांत आठवड्याला सरासरी ७३ तास काम करून कंपनीच्या खानावळीत (राहणं-जेवणं तिथेच) परतणाऱ्या गिरणी कामगार मुलींना मार्चमधल्या बर्फाचं किती कौतुक असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही. त्यांचा पहिला मोठा संपही हिवाळ्याच्या शेवटीच झाला. १ मार्चपासून मजुरी कापणार असं कळल्यावर फेब्रुवारी १८३४ मध्ये सुमारे ८०० जणी काम सोडून बाहेर पडल्या. संप काही दिवसांतच मोडला.

पण लॉवेल आणि बर्फ या नात्यात खरा वादाचा निर्णय १८४५ चा आहे, आणि शहराच्या इतिहासाच्या माहितीपत्रकांत त्याला एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते. गिरण्या वाढल्या होत्या. नदीच्या खालच्या अंगाला लॉरेन्स हे दुसरं गिरण्यांचं शहर उभं राहत होतं, आणि ऑगस्टमध्ये दोघांना पुरेल इतकं पाणी नदीत नसायचं. मालकांनी त्यावर शोधलेला उपाय असा: वसंतात वितळणारा बर्फ वाहून जाऊ द्यायचा नाही. तो न्यू हॅम्पशायरच्या तलावांमध्ये अडवायचा आणि उन्हाळ्यात गरजेप्रमाणे सोडायचा. त्यासाठी आधी तलावाच्या तोंडाची जमीन आणि पाण्याचे हक्क हातात हवे होते. न्यू हॅम्पशायरमध्येच नोंदलेली, नावाने कापूस आणि लोकर गिरणी असलेली एक कंपनी त्यांनी ताब्यात घेतली. तिच्याकडून कापड विणून घ्यायचा नव्या मालकांचा इरादा नव्हता, काम एकच, तलावाची पातळी राखणं. विनिपसॉकी हा सुमारे १८५ चौरस किलोमीटरचा तलाव असा लॉवेलचा साठा झाला. पाठोपाठ आसपासचे आणखी तलाव आले.

अभियांत्रिकी म्हणून कल्पना उत्तम होती, यात वाद नाही. कागदोपत्रीही सगळं कायदेशीर होतं. प्रश्न असा की बर्फ पडायचा एका राज्यात, त्याचा उपयोग व्हायचा दुसऱ्या राज्यात, आणि ते पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं हे बॉस्टनला बसलेली मंडळी ठरवायची. तलाव भरून ठेवला की काठच्या शेतकऱ्यांची गवताची कुरणं पाण्याखाली जायची. गवत गेलं म्हणजे पुढच्या हिवाळ्यात जनावरांचा चारा गेला. उन्हाळ्यात पाणी सोडलं की स्थानिक छोट्या गिरण्यांचं गणित बिघडायचं. तक्रारी झाल्या, दावे झाले, काही जमिनी विकत घेऊन आणि काही भरपाई देऊन मिटवले गेले. लॉवेलच्या बाजूने लिहिणारे इथे थांबतात: पैसे दिले, विषय संपला.

विषय संपला नव्हता. सप्टेंबर १८५९ मध्ये विनिपसॉकीचं पाणी अडवणाऱ्या लेक व्हिलेज इथल्या धरणावर कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन एक जमाव चालून गेला. धरण फोडायचा त्यांचा बेत होता. ते फुटलं नाही. या प्रसंगाला दंगल म्हणायचं की आपल्या पाण्यासाठी केलेला उठाव, हे सांगणारा नदीच्या कोणत्या टोकाला राहतो यावर ठरतं. मला स्वतःला जमावाची बाजू समजून घेणं अवघड जात नाही. ज्या पाण्याच्या काठी आपण पिढ्यान्‌पिढ्या गवत कापलं, त्याची उंची शंभर किलोमीटर दक्षिणेकडची चाकं ठरवतात हे कोणालाही पचलं नसतं. धरणाच्या खालच्या आणि वरच्या गावांचं भांडण महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पुढे गिरण्यांनी कोळसा जवळ केला तशी तलावाची निकड कमी होत गेली. आज त्या धरणाचा कारभार न्यू हॅम्पशायर राज्याकडे आहे आणि पातळी ठरवताना बोटवाल्यांचं आणि तलावाकाठच्या घरमालकांचं ऐकलं जातं.

याच काळात लॉवेलच्या कालव्यांचा मुख्य अभियंता उलट काळजीत होता. बर्फ फार वितळला तर काय? नदीच्या जुन्या महापुरांच्या खुणा आणि आठवणी गोळा करून त्याने असं मांडलं की तसा पूर पुन्हा आला तर पाणी पॉटकेट कालव्यातून थेट शहराच्या मध्यात शिरेल. १८५० मध्ये त्याने कालव्याच्या तोंडाशी २७ फूट रुंद आणि २५ फूट उंच लाकडी दार लोखंडी पट्टीवर टांगून ठेवलं. एरवी ते वरच लटकणार, पूर आला की पट्टी तोडून खाली सोडायचं. इतक्या खर्चाचं हे बिनकामाचं दार लोकांना त्या अभियंत्याचा खुळेपणा वाटला, तसं नावही पडलं. २२ एप्रिल १८५२ च्या पहाटे छिन्नीने पट्टी तोडावी लागली. दार बसलं आणि शहराचा मधला भाग वाचला. त्यानंतर नाव तेच राहिलं, म्हणणाऱ्यांचा सूर बदलला.

ते दार पुन्हा पाडायची वेळ मार्च १९३६ मध्ये आली. डोंगरात भरपूर बर्फ साठलेला असताना त्यावर आठवड्याभरात दोनदा मुसळधार पाऊस पडला. नुसत्या बर्फाला वितळायला आठवडे लागतात. उबदार पाऊस त्यावर पडला की सगळं पाणी एकदम निघतं. लॉवेलपाशी मेरिमॅकचा प्रवाह सेकंदाला सुमारे १,७३,००० घनफुटांवर गेला, तो उच्चांक अजून मोडलेला नाही. शहराचे सखल भाग बुडाले, पण दारामागचा भाग पुन्हा वाचला. शहरातल्या जुन्या घराण्यांमध्ये मार्चमधल्या जाड बर्फाकडे थोडं संशयाने बघितलं जातं ते या पुरामुळे.

रस्त्यावरच्या बर्फाची गोष्ट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये बर्फ हटवण्यापेक्षा दाबून घट्ट करण्याकडे कल असे. घोडे जुंपलेले मोठे लाकडी रोलर फिरवले की स्लेजसाठी छान गुळगुळीत रस्ता तयार व्हायचा. बर्फ पडणं म्हणजे वाहतूक सोपी होणं. रुळांवरून ट्राम धावू लागल्यावर रूळ मोकळे ठेवायची गरज पडली, आणि अमेरिकेच्या अनेक शहरांत ट्रामवाले मीठ टाकतात म्हणून स्लेजवाले तक्रार करू लागले. मोटारी आल्यावर तो वाद स्लेजवाल्यांच्या विरोधात कायमचा निकालात निघाला. आज बर्फाचा अंदाज आला की लॉवेलमध्ये रस्त्यावर गाड्या उभ्या करायला बंदी जाहीर होते आणि रात्रभर बर्फ हटवणारे नांगर फिरतात. फोर्ट हिलच्या उतारावर घसरगाड्या घेऊन जाणारी मुलं मात्र दाबलेल्या बर्फाच्या जमान्यातलीच वाटतात.

गिरण्या १९२०च्या दशकापासून एकेक करत बंद पडल्या, बूट गिरणी १९५५ मध्ये. नंतरच्या पुनर्विकासात काही गिरण्या आणि खानावळींची एक जुनी रांग पाडली गेली. कालवे बुजवून टाकावेत असाही विचार मांडला गेला होता. बाकीचं वाचलं यात दूरदृष्टीइतकाच गरिबीचाही वाटा होता, पाडून नवं बांधायला कोणी पैसे लावत नव्हतं. मुंबईत नेमकं याच्या उलट झालं, तिथे जमिनीचा भाव इतका की चिमण्या उभ्या राहणंच कठीण.

१९७८ हे साल इथे दोन कारणांनी लक्षात राहिलं. ६ आणि ७ फेब्रुवारीला आलेल्या हिमवादळात बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला, महामार्गावर हजारो गाड्या अडकल्या, पूर्व मॅसॅच्युसेट्स जवळजवळ आठवडाभर ठप्प होतं. त्याच वर्षी ५ जूनला लॉवेलच्या गिरण्या आणि कालव्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देणारा कायदा झाला. १९९२ पासून बूट गिरणीत ८८ चालते माग असलेलं संग्रहालय आहे. उद्यान झालं, भिंती दुरुस्त झाल्या, खिडक्या मूळच्या धर्तीवर बसल्या, काठाने पायवाटा झाल्या, वरच्या मजल्यांवर लोक राहायला आले. बर्फ पडल्यावर इथे फिरायला यावंसं वाटणं त्यानंतरचं आहे. कंबोडियातून १९८०च्या दशकात आलेल्या कुटुंबांनी आयुष्यातला पहिला बर्फ याच लाल भिंतींवर पाहिला. विद्यापीठात शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचंही तसंच. त्यांच्यासाठी गिरणी आणि बर्फ पहिल्यापासून एकत्रच आहेत.

उशिराचा मोठा बर्फ अधूनमधून येत असतो. ३१ मार्च आणि १ एप्रिल १९९७ ला बॉस्टनमध्ये २५.४ इंच पडला. २०१४-१५ च्या हंगामात तिथे विक्रमी ११०.६ इंच पडला आणि ढिगाऱ्यांसाठी जागा उरली नाही. बॉस्टनमधला शेवटचा ढीग जुलैच्या मध्यावर वितळला. मार्च २०१८ मध्ये तीन आठवड्यांत चार वादळं आली, त्यातली पहिली दोन संपेपर्यंत लोक हौसेने फोटो टाकत होते, चौथ्याला कोणी टाकले नाहीत.

दुसरीकडे विनिपसॉकी तलावावरचा बर्फ कधी फुटतो याची नोंद १८८७ पासून ठेवली जाते. तलावावर फिरणारी मोठी बोट आपल्या सगळ्या धक्क्यांना पोहोचू शकेल इतकं पाणी मोकळं झालं की तो दिवस धरतात. सर्वांत उशिराची तारीख १२ मे, सन १८८८. सर्वांत लवकरची १७ मार्च, सन २०२४, आणि तिच्या आधीचा विक्रम होता २०१६ चा, १८ मार्चचा. लॉवेलच्या गिरण्यांमधले दिवे १९ मार्चपर्यंत जळायचे.