हॉयलेकचे हौशी गोल्फपटू

इंग्लंडच्या वायव्येला विरल द्वीपकल्पाच्या टोकाशी हॉयलेक गाव आहे. तिथला रॉयल लिव्हरपूल गोल्फ क्लब १८६९ साली सुरू झाला. जागा मुळात घोड्यांच्या शर्यतीची होती आणि पहिली काही वर्षे घोडे व गोल्फपटू ती वाटून वापरत. गोल्फच्या इतिहासात ओपन, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी अशा सर्वांना खुले असलेले ब्रिटनचे अजिंक्यपद, जिंकणारे हौशी (पैशांसाठी न खेळणारे) खेळाडू तीनच झाले: जॉन बॉल, हॅरोल्ड हिल्टन आणि अमेरिकेचा बॉबी जोन्स. त्यांतले पहिले दोघे याच क्लबाचे सभासद.

जॉन बॉल (१८६१–१९४०) याच्या वडिलांचे रॉयल हॉटेल मैदानाला लागूनच होते, त्यामुळे तो गोल्फच्या अंगणातच वाढला. १८७८ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या ओपनमध्ये तो पहिल्या पाचांत आला आणि बक्षिसाची किरकोळ रक्कम त्याने घेतली. पोरवयातल्या या पैशांनी पुढे मोठा पेच उभा केला. क्लबाने १८८५ मध्ये हौशी खेळाडूंची स्पर्धा भरवली, तेव्हा हौशी कोणाला म्हणायचे हा प्रश्न आला. बक्षीस घेतलेला डग्लस रोलंड बाहेर ठेवला गेला. बॉलला मात्र प्रवेश मिळाला. घरच्या पोरासाठी नियमाला मुरड घातली, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे अवघडच. ती पहिली स्पर्धा मात्र क्लबाच्याच ॲलन मॅक्फीने जिंकली.

बॉलने पुढे १८८८ ते १९१२ या काळात हौशी अजिंक्यपद आठ वेळा पटकावले. हा विक्रम अजून अबाधित आहे. १८९० मध्ये प्रेस्टविकला ३६ होलांत (चेंडू ज्या खळग्यांत टाकायचा ते होल) सर्वांत कमी, १६४ फटके मारून तो ओपन जिंकणारा पहिला इंग्रज आणि पहिला हौशी खेळाडू ठरला. त्याच वर्षी हौशी अजिंक्यपदही त्याचेच. अशी जोडी नंतर फक्त जोन्सला साधली, १९३० मध्ये. त्यातले ओपन त्याने जिंकले ते हॉयलेकलाच. बॉल अबोल, कौतुकापासून चार हात दूर राहणारा. एकदा दाट धुक्यात, चेंडू न हरवता नव्वदच्या आत फेरी पुरी करण्याची पैज त्याने काळ्या रंगाचा चेंडू वापरून जिंकली, असा किस्सा सांगतात.

हिल्टनचा बाज वेगळा. बुटका, सतत सिगारेट ओढणारा. फटका मारताना चवड्यांवर उठे आणि डोक्यावरची टोपी उडून पडे. १८९२ मध्ये स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्डला, ओपन प्रथमच ७२ होलांचे झाले त्या वर्षी, तो जिंकला; बॉल तीन फटके मागे होता. १८९७ चे ओपन त्याने घरच्या मैदानावर जेम्स ब्रेडला एका फटक्याने मागे टाकून मिळवले. बॉल दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेलेला असताना १९०० आणि १९०१ ची हौशी अजिंक्यपदे हिल्टनकडे गेली; कारकिर्दीत त्याने ती एकूण चार मिळवली. १९११ मध्ये त्याने अमेरिकेचे हौशी अजिंक्यपदही जिंकले. अंतिम सामना ३६ होलांत बरोबरीत सुटल्यावर ३७ व्या होलवर त्याचा चेंडू भलतीकडे, खडकांच्या दिशेने गेला आणि तिथून उसळून थेट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आला. अमेरिकन लोक त्या खडकाची आठवण बरीच वर्षे काढत राहिले.

हॉयलेकच्याच जॅक ग्रॅहमचे नाव अशा यादीत सहसा येत नाही, कारण मोठे अजिंक्यपद त्याला मिळालेच नाही. पण १९०६ च्या ओपनमध्ये त्याच्या पुढे ब्रेड, टेलर आणि व्हार्डन हे त्या काळचे नामवंत व्यावसायिक, एवढे तिघेच होते. लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीतून लढताना जून १९१५ मध्ये बेल्जियमच्या हूगे येथे तो मारला गेला.