विणे, व्याली, वेत : गोठ्यातल्या क्रियापदाची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडे म्हशीचा सौदा ‘कितव्या वेताची?’ या प्रश्नावाचून पुढे सरकत नाही. वेत म्हणजे जनावराचं एकदा विणं, म्हणजे पिलाला जन्म देणं, आणि त्यापाठोपाठ ते आटेपर्यंतचा दुधाचा काळ. पहिलारू म्हशीचं दूध बेताचं असतं, तिसऱ्या-चौथ्या वेताला ते सहसा भरात येतं. म्हणून गिऱ्हाईक वेत विचारतं. माणदेशात हेच ‘म्हस याली’, ‘दुसऱ्या येताची’ असं कानावर पडतं. ‘व’ गळाला तरी क्रियापद तेच, विणे.

त्याचं मूळ संस्कृत ‘विजायते’मध्ये आहे. ‘जन्म’, ‘जननी’ ज्या ‘जन्’ धातूतून आले, त्यालाच इथे ‘वि’ उपसर्ग लागला. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ज’ विरला. ‘राजा’चा ‘राय’ झाला तो याच वाटेने. पुढे मराठीत ‘विणे’ आलं, हिंदीत ‘ब्याना’, गुजरातीत ‘वियावुं’. आपल्या ‘वेता’ला हिंदीत ‘ब्यांत’ म्हणतात, गुजरातीत ‘वेतर’. कापड विणण्याशी यातल्या कशाचंच नातं नाही. ते ‘विणणे’ निराळं. विणकर विणतो, गाय विते. पक्ष्यांचा ‘विणीचा हंगाम’ मात्र गाईच्याच बाजूचा.

आज हे क्रियापद जनावरांपुरतं आहे. मुळात ते तसं नव्हतं. पाली जातककथांमध्ये राणीला पुत्र होतो तोही ‘विजायि’ असाच. मराठीत माणसांसाठी बाळंत होणे, प्रसूत होणे रूढ झालं आणि विणे गोठ्यात राहिलं. बाईबद्दल कुणी ते वापरलं तर आता तो सरळ अपमान असतो, आणि तसं कुणी बोलू नये. गोठ्यात मात्र या शब्दात हलकेपणाचा लवलेश नाही. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस मोजत घर त्या दिवसाची वाट पाहतं. जनावर कास सोडू लागलं, म्हणजे त्याची कास भरू लागली, की रात्री उठून फेरी होते. व्यालं तरी वार (गर्भाभोवतालचं आवरण) पडेपर्यंत कुणी ना कुणी जवळ थांबतं. चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दाट दूध, आधी वासराच्या पोटात जातो, खरवस त्यानंतर.

पशुवैद्यकाच्या मराठी पुस्तिकांनीही ‘दोन वेतांतलं अंतर’ हाच शब्दप्रयोग ठेवला, हे फार चांगलं झालं. नव्या शास्त्राला इथे नवा शब्द शोधावा लागला नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. नारी सुवर्णात जुळी नेहमीची, म्हणजे मेंढपाळाच्या हिशेबात एका वेताला दोन कोकरं.