मोठा टायर म्हणजे नेमकं काय मोठं? फोर बाय फोरच्या टायर-आकाराची पार्श्वभूमी

टायरच्या दुकानात ‘साइझ वाढवून द्या’ म्हटलं की दोन अगदी उलट कामं निघू शकतात. एकात रिम तीच राहते आणि टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, उंच होते. दुसऱ्यात बाहेरची उंची जवळपास तीच राहते, रिम मोठी होते आणि भिंत आखूड होते. दोन्हींना ‘अपसाइझ’च म्हणतात. डांबरी रस्त्यावर या गोंधळाने फार बिघडत नाही. दगड-चिखलात मात्र पहिल्या प्रकारात गाडी चढते आणि दुसऱ्यात रिम वाकते.

गोंधळ जुना आहे, कारण आकार लिहिण्याची पद्धत दर पिढीला बदलली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू झाली, तेव्हा टायरवर ६.००-१६ असं लिहिलेलं असे. ६ इंच रुंदी, १६ इंचांची रिम. भिंतीची उंची वेगळी लिहीत नसत, ती रुंदीएवढीच धरायची. म्हणजे वर ६, खाली ६, मध्ये १६, एकूण सुमारे २८ इंच. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, इंजिन लहान होतं आणि गाडी टनभर वजनाची, त्यामुळे अरुंद टायर सगळ्याच अंगांनी सोयीचा होता. वरचा निसरडा थर कापून तो खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायचा. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर पावसाळ्यात आजही हेच लागू आहे. खोल काळ्या मातीत हिशेब वेगळा. तिथे खाली लवकर घट्ट काही लागत नाही, माती नक्षीच्या खाचांत बसते आणि टायर गुळगुळीत रूळ होऊन जातो. अशा ठिकाणी रुंदीपेक्षा खाचांमधलं अंतर मोठं असणं जास्त उपयोगी पडतं. (६.००-१६ हा आकार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना अजून मिळतो. आकडा तोच असला तरी तो टायर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगासाठी बनवलेला असतो. स्वस्त पडतो म्हणून जुन्या जीपला चढवून हायवेवर नेणं धोक्याचं आहे.)

१९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली आणि तिच्या नायलॉन टायरवर तिसरंच काही होतं: एफ७८-१५. यातलं एफ हे अक्षर रुंदीचं नाही, वजन पेलण्याच्या क्षमतेचं. ७८ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७८ टक्के. रुंदी यात लिहिलेलीच नाही. पुढे त्याच गाडीला रेडियल २०५/७० आर१५ मिळू लागला आणि तिथून मिलिमीटर, टक्के आणि इंच या तिघांची खिचडी रूढ झाली. यातल्या ‘आर’ला त्रिज्या समजणारे अजून भेटतात. तो रेडियलचा, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या बांधणीचा, आर. बाहेरून आलेल्या टायरवर ३१x१०.५० आर१५ असंही दिसतं. त्यात पहिला आकडा थेट बाहेरची उंची इंचात सांगतो. चढाईवाल्यांना खरं तर हीच पद्धत सर्वात उपयोगाची, कारण पुढचा सगळा हिशेब उंचीवर चालतो.

मिलिमीटरवाल्या आकड्यातून उंची काढायला सोपं गणित आहे. २४५/७५ आर१६ घ्या. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४ मिमी भिंत. तिची दुप्पट ३६८, त्यात १६ इंच रिमचे ४०६ मिळवले की ७७४ मिमी. हा आकडा लक्षात ठेवावा, भारतातल्या गेल्या पंधरा वर्षांच्या टायर-इतिहासाचा तो मध्यबिंदू आहे.

२०१० मध्ये आलेल्या महिंद्राच्या जुन्या थारच्या सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनच्या, गाडीला कारखान्यातून २३५/७० आर१६ मिळत असे, उंची ७३५ मिमी. त्या काळी हौशी मंडळींनी सर्वात जास्त चढवलेला आकार होता २४५/७५ आर१६. रिम तीच, रुंदी फक्त १० मिमीने जास्त, उंची ३९ मिमीने. यातली निम्मी, म्हणजे १९ मिमी, जमिनीपासूनच्या अंतरात मिळते. आकडा किरकोळ वाटतो, पण एकसंध एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या नळीवर असलेल्या, गाडीत मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा वर उचलायला टायरशिवाय दुसरा सोपा मार्ग नाही. पाटे किंवा स्प्रिंग वाढवून बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो आणि आधी दगडावर तोच आपटतो.

याची किंमतही ठरलेली होती. ५.२ टक्के उंच टायर म्हणजे सगळे गिअर तेवढ्याने लांब. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या आसपास असते. कारखाना काटा थोडा जास्त दाखवेल असा लावतो म्हणून फरक काहीसा झाकला जातो, इतकंच. किलोमीटर कमी मोजले जातात, म्हणून मायलेज प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसतं. तक्रार इंजिनकडे नेण्याआधी हे आकडे दुरुस्त करून पाहावेत. सर्वसाधारण वापरात ३ टक्क्यांच्या आत राहावं असा दंडक आहे. लो गिअर, म्हणजे हळू वेगात जास्त जोर देणारी जादा गिअर-जोडी, असलेल्या गाड्यांत लोक ५ टक्क्यांपर्यंत गेले आणि बहुतेकांचं निभावलं. ७-८ टक्क्यांना, उदाहरणार्थ ७७४ मिमीच्या जागी २८५/७५ आर१६ म्हणजे ८३४ मिमी लावला की, ब्रेकची पकड कमी जाणवते, चढावर क्लच जळतो आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जोर लावताना पुढच्या एक्सलचा जॉइंट तुटू शकतो.

मग २०२० ची थार आली आणि हौशी लोक जो आकार स्वखर्चाने लावत होते, तोच २४५/७५ आर१६ कारखान्याने खालच्या प्रकाराला दिला. वरच्या, महागड्या प्रकाराला मात्र २५५/६५ आर१८ दिला. इथून खरा वाद सुरू होतो आणि तो अजून मिटलेला नाही.

अठरा इंचांची बाजू घेणारे उंची दाखवतात: ७८९ मिमी, म्हणजे सोळावाल्यापेक्षा १५ मिमी जास्त. म्हणून तो ‘मोठा’. पण त्या १५ मिमीतले जमिनीपासून मिळतात साडेसात. भिंत मात्र १८४ वरून १६६ वर येते. रिमची कड सुमारे १७ मिमी वर आलेली असते, ती वजा केली तर दबायला उरतं १४९ मिमी. सोळाला १६७ उरतं. दगडात किंवा वाळूत शिरताना हवा ३० वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, ती कशासाठी? भिंत दबून टायरचा जमिनीवरचा ठसा लांब व्हावा म्हणून. ठसा आडवा फार वाढत नाही, उभा वाढतो आणि तो वाढायला भिंत उंच लागते. आखूड भिंतीच्या टायरमध्ये हवा तेवढीच उतरवली तर धारदार दगडावर रबर दगड आणि रिमच्या कडेत चिमटतं. भिंतीला आतून-बाहेरून दोन समांतर चिरा पडतात, ज्या पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येत नाहीत. रिम अलॉयची, म्हणजे मिश्रधातूची, असेल तर कडेचा टवका उडतो. लोखंडी रिम वाकते, पण हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतकी सरळ करता येते.

मोठ्या रिमचं एक खरं कारण असतं: मोठी ब्रेक डिस्क आत बसवणं. इथे ते लागू पडत नव्हतं, कारण त्याच गाडीचा खालचा प्रकार सोळा इंचांवर चालतच होता. दुसरं कारण वळणावरची स्थिरता. आखूड भिंत हायवेवर कमी डोलते, हे मान्य करायला हवं. रोज शंभर किलोमीटर डांबरी रस्त्यावर जाणाऱ्याला अठरा सोयीचा आहे. तरीही चढाईची गाडी म्हणून विकताना महाग प्रकाराला आखूड भिंत देणं हा शोरूमच्या दिव्यांखाली घेतलेला निर्णय वाटतो. तो पुढे पायंडाच पडला. २०२४ च्या पाच दरवाजांच्या थारला खालपासून अठरा आणि सर्वात वरच्या प्रकाराला २५५/६० आर१९ आला. त्याची उंची तीच, ७८९. भिंत १५३. म्हणजे टनभराच्या जुन्या जीपला जेवढी भिंत होती तेवढीच आज तिच्याहून कितीतरी जड गाडीला. त्याच वर्षी फोर्सची गुरखाही २४५/७० आर१६ सोडून २५५/६५ आर१८ वर गेली. तिथे निदान उंची ७४९ वरून ७८९ झाली आणि भिंत सहाच मिलिमीटरने घटली, म्हणून तिथला बदल एवढा खटकत नाही.

परिणाम असा की आज ‘अपसाइझ’च्या उलट ‘डाउनसाइझ’ची चलती आहे. अठराच्या अलॉय काढून सोळाच्या रिम आणि २४५/७५ किंवा २६५/७५ आर१६ लावायचे. २६५/७५ ची उंची ८०४, भिंत १९९. तीन दरवाजांच्या थारवर हे बसतं. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीवर रिम घेण्याआधी कॅलिपरला (डिस्क आवळणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याला) ती घासते का हे चाक हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिमच्या रुंदीकडे दुर्लक्ष होतं, तिथे मारुतीची जिम्नी हे चांगलं उदाहरण. तिचा मूळ टायर १९५/८० आर१५, रिम साडेपाच इंच रुंद. २१५/७५ आर१५ ला साडेपाच ते सात इंचांची रिम चालते, म्हणून तो मूळ रिमवर बसतो आणि उंची फक्त दीड टक्का वाढते. २३५/७५ आर१५ ला किमान सहा इंच लागतात. तो साडेपाचवर चढवला तर हवा धरतो, दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणतो, पण भिंती आत ओढल्या जातात, नक्षी मध्येच झिजते आणि हवा कमी केल्यावर चाक डोलतं. नवी रिम घेताना १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट एवढंच पाहून भागत नाही. जुनी जीप, जिप्सी आणि जिम्नी, तिघींचा तो आकडा एकच आहे, पण मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट, म्हणजे बोल्टची बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर (अधिक) किंवा आत (उणे) आहे तो आकडा, वेगळे असू शकतात. जिम्नीचा ऑफसेट अधिक ५ आहे. उणे २०-२५ च्या रिमने चाक बाहेर येतं, गाडी ऐटदार दिसते, बेअरिंगवर ओढ वाढते आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. पुढचा एक्सल एकसंध असलेल्या गाड्यांत ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरण्याचा जुना रोग आहे, तो अशा रिमने बळावतो. आधी किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक वळतं ते) आणि स्टिअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) तपासावेत, मग बॅलन्सिंगला जावं.

बसतो की नाही हे सपाट फरशीवर कळत नाही. एक पुढचं चाक दगडावर चढवून पूर्ण दाबायचं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवायचं, मग तसंच रिव्हर्समध्ये हळू न्यायचं. घासणं बहुधा रिव्हर्समध्येच सापडतं. एकाच छापील आकाराचे दोन टायर प्रत्यक्षात ५ ते १० मिमीने वेगळे निघतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर बसला म्हणून आपल्यावर बसेलच असं नाही.

कायद्याची बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या जानेवारीतल्या निकालाने कडक झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होता कामा नये, असा त्याचा गाभा. खटला बॉडीतल्या बदलांचा होता, पण त्याचा दाखला टायरचा आकार बदलणाऱ्यांनाही दिला जातो. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कारखान्याने दिलेला आकार हा त्यातला सर्वात निर्धोक पर्याय. सोळाकडे परतणाऱ्यांना २४५/७५ च सुचवला जातो, त्यामागे हेही कारण आहे.

बदल पाचही चाकांचा करावा. मागच्या दारावर जुन्या उंचीची स्टेपनी राहिली आणि पंक्चर झाल्यावर ती लावून फोर व्हील घेतलं, तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना ओढतात. कोरड्या घट्ट जमिनीवर काही किलोमीटरांतच ट्रान्स्फर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) तापते आणि लीव्हर फोर व्हीलमधून निघत नाही. पाचवा टायर जड घेतला असेल तर दाराच्या बिजागऱ्या वर्षातून दोनदा आवळाव्या लागतात.